तरवड, तूर आणि भुंगा : हिंगोली परिसरातील उत्तरवर्षाकालीन फुलोऱ्याचा इतिहास

१

पिकांचा इतिहास लिहिताना धान्य, कापूस, नीळ, ऊस इत्यादी वस्तूंकडे अभ्यासकांचे लक्ष सहजच जाते. ज्या वनस्पती पेरल्या जात नाहीत, कापून बाजारात नेल्या जात नाहीत आणि सारावसुलीच्या कागदांत ज्यांची नोंद होत नाही, त्या मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेर राहतात. शेताच्या धुऱ्यावर, गायरानात व नदीकाठच्या पडीत वाढणारी बहुवर्षायू झुडपे ही याच वर्गातील होत. तथापि पावसाळा संपल्यानंतर फुलणाऱ्या अशा झुडपांवर परागवाहक कीटकांचे आणि पर्यायाने काही महत्त्वाच्या पिकांचे जीवन अवलंबून असते. त्यांचे अस्तित्व टिकले कसे व ते आज क्षीण का होत आहे, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि त्याच्या उत्तराची साधने दप्तरांपेक्षा भाषेत अधिक सापडतात. प्रस्तुत निबंधात हिंगोली जिल्ह्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रथम ऋतूची कल्पना स्पष्ट करून घेणे इष्ट होय. युरोप व उत्तर अमेरिका येथील उद्यानशास्त्रात 'उशिरा फुलणाऱ्या' देशी बहुवर्षायू फुलांचे महत्त्व सांगितले जाते ते हिवाळ्याच्या संदर्भात. बर्फ पडण्यापूर्वी मधमाश्यांना व भुंग्यांना अखेरचे अन्न मिळावे, हा तेथील हेतू. दख्खनच्या पठारावर थंडी ही अडचण नसून कोरडेपणा ही अडचण आहे. हिंगोली परिसरात वर्षाकाठी साधारण आठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग ज्येष्ठ-आषाढापासून भाद्रपदाअखेरपर्यंत येतो. हस्त-चित्रा नक्षत्रे सरली की पाऊस परततो. माळावरचे तेरडा, कुर्डू यांसारखे वर्षायू रोप बी धरून वाळू लागते. यापुढे आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत जे फुलते ते काळ्या भुईत खोलवर मुरलेल्या ओलाव्यावर. आणि तो ओलावा गाठण्याचे सामर्थ्य मुख्यतः बहुवर्षायू झुडपांच्या मुळांत असते. म्हणून येथील उत्तरवर्षाकालीन फुलोरा म्हणजे शरद व हेमंत या दोन ऋतूंतील झुडपांचा फुलोरा होय.

या फुलोऱ्यातील प्रमुख झुडपे चार : तरवड, रुई, कोरांटी व अडुळसा. चारही या भूमीत पूर्वापार रुजलेली आहेत आणि चौघांत एक समान गुण आहे. गुरे व शेळ्या त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. तरवडाचा पाला तुरट व कडवट, रुईचा चीक दाहक, कोरांटी काटेरी, अडुळशास उग्र वास. शेकडो वर्षे गुरे जेथे मोकळी चरत आली त्या प्रदेशात गुरांनी न खाल्लेले तेवढेच उरले, असे म्हणावयास हरकत नाही. पशुपालनाने केलेली ही एक प्रकारची निवडच होय. परंतु गुरांपासून वाचलेले झुडूप माणसाच्या कुऱ्हाडीपासून वाचेलच असे नाही. त्यासाठी त्याला काही उपयोग असावा लागतो, आणि उपयोग असला की त्याला नाव असते. या चौघांत इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलके नाव तरवडाचे आहे.

२

तरवड हे पुरुषभर उंचीचे, दाट फांद्यांचे व पिवळ्याधमक फुलांचे झुडूप. लिनियसने १७५३ मध्ये त्यास 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असे शास्त्रीय नाव दिले. पुढे ते 'सेन्ना' या प्रजातीत घालण्यात आले. देठाशी असलेल्या कानाच्या आकाराच्या उपपर्णांवरून 'ऑरिक्युलाटा' हे विशेषण आले आहे. मराठीत 'तरवड' व 'आवळ' अशी दोन नावे प्रचलित आहेत. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तरवडाची नोंद आहे. सोनामुखीला 'भुईतरवड' म्हणतात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. एखाद्या वनस्पतीच्या नावावरून दुसरीचे नाव बनते तेव्हा पहिली लोकांच्या नित्य परिचयाची असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

'तरवड' या शब्दाची 'तरु' व 'वट' अशी फोड करण्याचा मोह होतो. परंतु ज्या झुडपात वटवृक्षाशी कोणतेही साम्य नाही त्यास ती लागू पडत नाही, आणि अशी फोड लोकव्युत्पत्तीच्या सदरातच टाकली पाहिजे. दक्खिनी उर्दूत याच झुडपाला 'तरवर' म्हणतात. मराठीतील मूर्धन्य ड आणि दक्खिनीतील र यांची ही अदलाबदल दोन भाषा शेजारी नांदल्याची खूण आहे. 'इम्पीरिअल गॅझेटिअर'च्या हैदराबाद राज्यावरील खंडात (१९०९) निरनिराळ्या जिल्ह्यांतील वनस्पतींची जी वर्णने आहेत त्यांत आंबा, चिंच, बाभूळ यांच्या बरोबरीने 'तरवर' हे नाव येते. सरकारी नोंदीपर्यंत शब्द पोहोचला तो मराठी रूपात नव्हे, राज्यकारभाराच्या भाषेतील रूपात पोहोचला.

'आवळ' या दुसऱ्या नावाचा मागोवा अधिक दूर नेतो. तमिळमध्ये या झुडपाला 'आविरै' अथवा 'आवारम्' म्हणतात, व संगमकालीन काव्यात त्याचा उल्लेख आहे. कन्नडात 'आवरिके' असे रूप आहे, गुजरातीत 'आवळ'. संस्कृत निघंटूंत 'आवर्तकी' या नावाखाली जी वनस्पती येते ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. परंतु 'आवर्तकी'पासून 'आवळ' हे रूप ध्वनिनियमांनी सरळ सिद्ध होत नाही. संस्कृत 'र्त'चे प्राकृतात 'त्त' किंवा 'ट्ट' व्हावयास हवे, 'ळ' नव्हे. तेव्हा द्राविडी नाव मूळ असून 'आवर्तकी' हे त्याचे पंडितांनी घडविलेले संस्कृत रूप असावे, हे अनुमान अधिक संभाव्य वाटते. निघंटूंतील पर्यायांपैकी 'चर्मरंगा' हा पर्याय इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. कातड्यास रंग देणारी ती चर्मरंगा. झुडपाचा मुख्य उपयोग या एका शब्दात साठविलेला आहे.

३

तरवडाच्या सालीत कातडे कमावण्यास लागणारे तुरट द्रव्य विपुल असते. बाभळीची साल, हिरडा व तरवड ही दख्खनमधील कातडी कमावणाऱ्यांची प्रमुख द्रव्ये. बाभळीच्या सालीने कातडे काळसर लाल होते. तरवडाच्या सालीने कमावलेले कातडे मऊ व फिकट रंगाचे निघते, म्हणून त्याची प्रतिष्ठा अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासकडून इंग्लंडला जाणाऱ्या कमावलेल्या कातड्यांचा जो मोठा व्यापार उभा राहिला तो बहुतांशी याच सालीवर उभा होता. जॉर्ज वॉट यांनी १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या आर्थिक उत्पादनांच्या कोशातही या सालीची दखल घेतली आहे.

हिंगोली हे त्या काळी हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे एक ठाणे होते. ही फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन करण्यात आली. घोडदळाची छावणी म्हटली की खोगीर, लगाम, पखाली व पादत्राणे आली. शेतीलाही मोट, नाडा व आसूड यांसाठी कातडे लागे. विहिरीवर चामड्याची मोट चाले तोवर गावोगावच्या कातडी कमावणाऱ्यांना सालीची गरज होती, आणि साल हवी म्हणून झुडूप हवे होते. साल काढण्याकरिता फांद्या छाटल्या जात. बुंधा मात्र राखला जाई, आणि पुढच्या पावसाळ्यात तो नव्याने फुटे. फांद्यांची छाटणी व बुंध्याची राखण ही खरे पाहता लागवडीचीच एक रीत होय, जरी तिला तसे नाव कोणी दिले नाही. शिवाय तरवडाची काडी दातवण म्हणून वापरीत, पाला खतासाठी शेतात गाडीत आणि फुले नवरात्रात घटावर माळेसाठी नेत.

येथे घटाच्या माळेचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. घटस्थापनेपासून रोज एक माळ चढविण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे, व तीसाठी त्या दिवसांत शेतात आणि धुऱ्यावर जे फुललेले असेल ते घेतात. कारळ्याची फुले आणि तरवडाची फुले ही त्यांतील जुनी होत. आज दसऱ्याचे फूल म्हटले की झेंडू आठवतो; परंतु झेंडू हा मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आलेला. त्याचे नावही नवखेपणाची साक्ष देते. कन्नडात त्याला 'चेंडु हूवु', म्हणजे चेंडूसारखे फूल, म्हणतात. मराठी 'झेंडू' त्याच शब्दाशी निगडित दिसतो. नव्या वस्तूस लोक तिच्या आकारावरून नाव देतात, हा नामकरणाचा एक सार्वत्रिक प्रकार आहे. झेंडूच्या पूर्वी आश्विनातील पिवळ्या रंगाची जागा कोणीतरी भरीत होते. ते काम ज्या फुलांनी केले त्यांत तरवडाचा वाटा मोठा असला पाहिजे.

हिंगोलीचा दसरा प्रसिद्ध आहे. खाकीबाबा मठाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू केलेला हा उत्सव आजही मोठ्या प्रमाणावर होतो. दसऱ्याच्या मूळ विधीत सीमोल्लंघन आहे. गावाच्या पांढरीतून निघून शिवेपर्यंत जावयाचे, शमी व आपटा यांचे पूजन करावयाचे आणि परतावयाचे. शीव, धुरा व गायरान ही वर सांगितलेल्या झुडपांची घरे. वर्षातून एकदा सबंध गाव आपल्या सीमेवरील झाडोरा पाहून येत असे, हा या विधीचा एक अनुषंगिक परिणाम होता.

४

आता या फुलाकडे येणाऱ्या कीटकाकडे वळू. तरवडाच्या फुलात मध नसतो. केवळ पराग असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. सातेरी मधमाशीस तो काढता येत नाही. ती फार तर पाकळ्यांवर सांडलेले कण वेचते. काळा, जाड, निळसर पंखांचा भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलविता छातीचे स्नायू अशा वेगाने कापवितो की पराग उसळून त्याच्या अंगावर पडतो. त्या वेळी होणारा गुंजारव उडतानाच्या आवाजाहून निराळा व अधिक तीव्र असतो. तरवड आणि भुंगा यांचे नाते असे परस्परांस अनुरूप आहे.

हा भुंगा मराठी वाङ्मयास अपरिचित नाही. संस्कृत 'भृंग' यापासून 'भुंगा' आला. 'भ्रमर' यापासून प्राकृत 'भमर' व त्यातून मराठी 'भोवरा' झाला. परंतु भोवऱ्याने कीटकाचा अर्थ जवळजवळ सोडून दिला व फिरण्याचा अर्थ तेवढा ठेवला. पाण्यातील भोवरा, मुलांच्या खेळातील भोवरा, केसांतील भोवरा हे त्याचेच विस्तार. कीटकाचे काम 'भुंगा' या शब्दाकडे आले. मात्र ग्रंथभाषेत 'भ्रमर' टिकला, आणि शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात त्याचे एक प्रसिद्ध चित्र आहे. अर्जुनास स्नेहाने व्याकूळ केल्याचे वर्णन करताना ज्ञानदेव सांगतात की कोरडे लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो आणि प्राण गेला तरी ती फाडीत नाही. या दृष्टांताचे काव्यगुण सर्वज्ञात आहेत. येथे प्रस्तुत असा मुद्दा एवढाच की हा भ्रमर लाकूड पोखरणारा आहे. लाकडात घर करणारा मोठा काळा भुंगा, ज्यास शास्त्रात 'झायलोकोपा' म्हणतात, तोच तो. संस्कृत काव्यातील संकेताच्या भ्रमरास प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड येथे मिळाली आहे. त्याच शतकात हिंगोलीजवळ कयाधूच्या काठी असलेल्या नरसी येथे नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा मानते, आणि औंढा नागनाथ येथील विसोबा खेचरांशी त्यांचे गुरुशिष्यनाते जोडले जाते. संतांचे हे सर्व भाषाक्षेत्र धुऱ्यावर तरवड व घराच्या तुळईत भुंगा असलेल्या लोकांचे होते.

तुळईचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मराठवाड्यातील माळवदाची घरे लाकडी तुळया, सरे व किलचांवर उभी असत. त्या जुन्या वाळलेल्या लाकडात भुंगे वाटोळी, सुबक भोके पाडून पिढ्यानुपिढ्या राहत. घरमालकास त्यांचा उपद्रव वाटे हे खरे. परंतु शेत व घर यांच्यामध्ये त्यांची ये-जा त्यामुळे शक्य होती. सिमेंटच्या छताने हे निवासस्थान संपुष्टात आणले.

५

भुंग्याला परागाप्रमाणेच मधही लागतो. तो त्याला रुईत, अडुळशात आणि तुरीत मिळतो. येथे धुऱ्यावरचे झुडूप आणि शेतातील पीक यांची गाठ पडते.

तूर हे दख्खनच्या अत्यंत जुन्या पिकांपैकी एक आहे. तिचा रानटी पूर्वज पूर्वेकडे ओरिसा व बस्तरच्या भागात आढळतो. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणकालीन वसाहतीत तुरीचे अवशेष मिळाले असून ते सुमारे तीन हजार चारशे वर्षांपूर्वीचे मानले जातात. संस्कृत 'तुवरी' यापासून 'तूर' हा शब्द आला. 'तुवर' म्हणजे तुरट, आणि 'तुरट', 'तुरटी' हे शब्दही त्याच कुळातील. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तूर ही वर्षायू नव्हे. ती बहुवर्षायू झुडूपच आहे. शेतकरी तिला एका हंगामानंतर कापतो म्हणून ती वार्षिक पीक ठरते. ज्वारी व कापूस यांत तुरीच्या ओळी पेरण्याची रीत जुनी. हल्ली ती सोयाबीनमध्ये पेरतात. मृगात पेरलेली तूर साधारणतः कार्तिकाच्या सुमारास फुलते, म्हणजे माळावरचे गवत व वर्षायू फुले वाळल्यानंतर. तूरही अशा रीतीने उत्तरवर्षाकालीन फुलोऱ्याचाच भाग आहे.

तुरीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. परंतु पूर्णतः नव्हे. ॲल्बर्ट हॉवर्ड, गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान यांनी पुसा येथे केलेल्या अभ्यासाचा निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिकांतील नैसर्गिक संकराचा हिंदुस्थानातील तो एक आरंभीचा पद्धतशीर अभ्यास होय. पुढील संशोधनात असे दिसून आले की निरनिराळ्या ठिकाणी तुरीतील परपरागणाचे प्रमाण फार कमीअधिक असते, व तो फरक मुख्यतः परिसरातील कीटकांच्या संख्येवर अवलंबून असतो. पाने कापून घरटे करणाऱ्या माश्या, आग्या माश्या आणि काळे भुंगे हे यातील मुख्य वाहक. पतनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'इक्रिसॅट'ने, याच गुणाचा आधार घेऊन संकरित तूर तयार केली. १९९१ मध्ये प्रसारित झालेला 'आयसीपीएच ८' हा त्यांतील पहिला वाण. संकरित बियाण्याच्या शेतात नरवंध्य झाडावर पराग पोहोचविण्याचे काम हाताने परवडत नाही. ते माशी व भुंगा यांच्याकडूनच होते. ज्या शेताभोवती कीटक नाहीत तेथे असे बियाणे धरणार नाही.

हा कीटक तुरीच्या फुलोऱ्यापुरता आकाशातून उतरत नाही. त्याला त्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदापासून, अन्न मिळालेले असावे लागते व त्यानंतरही पौषापर्यंत मिळावे लागते. श्रावणात फुलू लागून मार्गशीर्षापर्यंत फुलत राहणारा तरवड, बारमाही रुई, आश्विन-कार्तिकातील कोरांटी व थंडीतील अडुळसा यांची साखळी हे काम करीत होती. तूर त्या साखळीतील एक कडी होती. शेतकऱ्याने ही साखळी या हेतूने रचली नव्हती. चर्मकामाने, पूजेने, औषधाने व कुंपणाने ती रचली. अडुळसा खोकल्यासाठी, रुई मारुतीसाठी, कोरांटी कुपाटीसाठी, तरवड सालीसाठी राखला गेला. प्रत्येकाचा हेतू वेगळा. परिणाम मात्र एक.

६

ही साखळी तुटण्याची कारणे एकदम आलेली नाहीत. प्रथम सालीचा बाजार गेला. मद्रासमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोम पद्धतीने कातडे कमावण्यास सुरुवात झाली, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॅटल सालीने तरवडाची जागा घेतली. पुढे विजेचे पंप आले, मोट गेली, आणि गावातील कातडी कमावण्याचा धंदाही मोडला. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात पूर्ण झाली. वसमतच्या बाजूस कालव्याचे पाणी आले व त्याबरोबर ऊस, केळी आणि हळद यांचा विस्तार झाला. हळद हीदेखील बहुवर्षायू व पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी. पण तिची लागवड कंदापासून होते व तिला बी धरण्याची गरजच नसते, त्यामुळे तिच्या शेतकऱ्यास माशीची उणीव जाणवत नाही. १९९० नंतर सोयाबीनने जिरायत शेतीचा मोठा भाग व्यापला. तेही स्वपरागित आणि दसऱ्याच्या सुमारास काढणीस येणारे. कारळ्यासारखी, कीटकांवर अवलंबून असलेली पिके मागे पडली. शेवटी धुरे अरुंद झाले, गायरानांवर अतिक्रमणे झाली आणि तणनाशकाने उरलेले काम केले.

भाषेतही एक बदल घडला, आणि त्याचे परिणाम केवळ भाषेपुरते नाहीत. तूर फुलावर आली की तिच्यावर दोन कीटक येतात : पराग वाहणारा काळा भुंगा, आणि फुले खाऊन टाकणारा, काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा भुंगेरा. 'भुंगा' व 'भुंगेरा' हे एकाच कुळातील शब्द. जुन्या बोलीत त्यांचे क्षेत्र स्वच्छ वेगळे होते. आज कीडनियंत्रणाच्या पत्रकांत 'भुंगे' हा शब्द पुष्कळदा भुंगेऱ्यांसाठी येतो, व ऐकणाऱ्याच्या मनात दोघे एक होतात. फुलोऱ्यात फवारणी केली म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीबरोबर वाहकही मरतो. एका अर्थाच्या दोन शब्दांनी काही बिघडत नाही. दोन अर्थांना एकच शब्द उरला की बिघडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

७

हैदराबाद राज्यात मराठवाड्याचे पाच, तेलंगणाचे आठ व कर्नाटकाचे तीन जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे राज्य भाषावार विभागले गेले. मराठवाडा प्रथम मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. एकेकाळी एका राज्यात असलेल्या या प्रदेशांत एकाच झुडपाचे भवितव्य कसे वेगळे झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

तेलुगूत तरवडाला 'तंगेडु' म्हणतात. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस चालणाऱ्या बतुकम्मा या स्त्रियांच्या उत्सवात तंगेडूची पिवळी फुले व 'गुनुगु', म्हणजे आपला कुर्डू, यांची उतरंड रचून तिची पूजा करतात, फेर धरून गाणी म्हणतात व अखेरीस ती पाण्यात सोडतात. तेलंगण राज्य २०१४ मध्ये स्थापन झाले तेव्हा बतुकम्मा हा राज्योत्सव आणि तंगेडु हे राज्यपुष्प ठरविण्यात आले. सालीचा बाजार तेथेही बुडाला, कातडी कमावणारे तेथेही उद्योगास मुकले. परंतु फुलाचा सामाजिक उपयोग टिकला, नव्हे वाढला, म्हणून नाव प्रत्येक मुलीच्या तोंडी राहिले. मराठवाड्यात घटाच्या माळेत तरवडाची जागा बाजारातील झेंडूने घेतली, आणि नाव वृद्धांपुरते उरले. झेंडू वाईट असे नव्हे. एकेरी झेंडूवर माश्याही येतात. परंतु तो दरवर्षी पेरावा लागतो, बाजारासाठी तोडला जातो आणि दसऱ्यानंतर उपटला जातो. तुरीच्या फुलोऱ्यापूर्वी व नंतर जो टिकतो तो धुऱ्यावरचा तरवड.

या तुलनेवरून एक अनुमान काढता येते. अशा वनस्पतींचे संरक्षण त्यांच्या गुणावर अवलंबून नसते. त्यांना समाजात एखादे काम असणे आणि त्या कामाचा शब्द चालता असणे यांवर अवलंबून असते. तरवडाला पहिले काम चामड्याचे होते. ते गेले. दुसरे काम पूजेचे. ते अर्धवट उरले आहे. तिसरे काम, परागवाहकांना पोसण्याचे, तो प्रथमपासून करीत आला. पण त्या कामाला मराठीत कधी नाव नव्हते, म्हणून ते कोणाच्या हिशेबात आले नाही.

आज परागवाहक कीटकांच्या ऱ्हासाची चर्चा जगभर चालू आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०१६ मध्ये त्यावर विस्तृत अहवाल दिला, आणि २०१८ पासून २० मे हा दिवस मधमाशीदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. परंतु सह्याद्रीचा माथा व कयाधूचे खोरे यांत फार अंतर आहे. पेटीतील मधमाशी आणून तरवडाच्या फुलाचे वा भुंग्याचे काम होणार नाही. या परिसरास योग्य असा उपाय परिसराच्या इतिहासातच आहे. तरवडाच्या शेंगा हिवाळ्यात वाळतात. बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून पहिल्या पावसात धुऱ्यावर टोकाव्या लागतात. पुढे पाणी घालावे लागत नाही व गुरांपासून कुंपणही लागत नाही. जुन्या छाटणीची रीत, म्हणजे शेंगा गळल्यावर फांद्या घेणे व बुंधा राखणे, आजही तितकीच उपयुक्त आहे. कोरांटी व अडुळसा फांदीने लागतात. रुईला लावावे लागत नाही, फक्त उपटू नये लागते. वाळलेल्या लाकडाचे दोन ओंडके धुऱ्याच्या कोपऱ्यात पडू दिले तर भुंग्याला तुळईची आठवण राहणार नाही.

परभणीचे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) व त्याची संशोधन केंद्रे तुरीच्या वाणांवर दीर्घकाळ काम करीत आहेत. वाणाबरोबर धुऱ्याचाही अभ्यास व्हावा, हे या इतिहासाचे एक सहज फलित आहे. भाषाभ्यासकांपुढील कामही तितकेच निकडीचे आहे. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत व हिंगोली या तालुक्यांतील बोलींत, तसेच तेथील बंजारा व आंध समाजांच्या बोलींत, धुऱ्यावरील झुडपांची, त्यांवर येणाऱ्या माश्यांची व भुंग्यांची नावे अद्याप ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत. ती जिल्हावार संकलित केल्यास कोणत्या गावी कोणते झुडूप कोणत्या कामासाठी राखले जाई, याचा नकाशा तयार होऊ शकेल. लागवड कोठे व कशाची करावी हे ठरविण्यास त्याहून अधिक विश्वसनीय मार्गदर्शक मिळणे कठीण आहे. झुडूप गेल्यावर नाव फार काळ टिकत नाही. नाव टिकले असेल तेथे झुडूप परत आणणे मात्र शक्य असते.